अँक्झायटी आणि थेरपी : रोजच्या जगण्यात नेमका काय फरक पडतो?

चाफेकळी :

थेरपी म्हणजे तासभर बसून नुसतं बोलायचं, त्याचे एवढे पैसे कशाला, बोलायला मैत्रिणी नाहीत का, हे मी घरी ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय, म्हणून हा धागा काढतेय. माझ्या अनुभवात तिथलं बोलणं हा छोटा भाग होता. खरं काम दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात घरी आणि ऑफिसात करायचं होतं आणि फरक पडला तो त्यानेच.

मला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसॉर्डर आहे, म्हणजे एका कुठल्या गोष्टीची भीती नाही, काळजीला कुठलाही विषय पुरतो. मुलीला क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला, बॉसचा 'फ्री झालीस की फोन कर' एवढाच मेसेज आला, आईला खोकला झाला, की मन थेट सगळ्यात वाईट शेवटापर्यंत जाऊन पोचायचं. खांदे आखडलेले, पोट बिघडलेलं, रात्री अडीचला टक्क जाग. फिजिशियन झाले, पोटाचे डॉक्टर झाले, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, ईसीजी सगळं करून झालं. (या तपासण्या करून घ्याच, थायरॉइड वाढलं तरी धडधड आणि हाताला कंप असतो, ते अँक्झायटीच्या नावावर खपून जायला नको.) शेवटी फिजिशियननीच सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

तिथे सीबीटी केलं, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी. पहिलं काम दिलं वहीचं. दिवसभरात काळजी आली की तिच्याशी तेव्हाच झटापट करायची नाही, एका ओळीत लिहून ठेवायची आणि संध्याकाळी साडेसहाला ठरलेल्या वीस मिनिटांत ती वही उघडायची. याला वरी टाइम म्हणतात. साडेसहापर्यंत बऱ्याचशा ओळी शिळ्या झालेल्या असायच्या. उरलेल्यांतल्या ज्यात आज काही करता येण्यासारखं आहे, उदा. आईसाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट, ते तिथेच उठून करून टाकायचं. आणि 'असं झालं तर?' या जातीच्या काळज्यांसाठी तक्ता भरायचा.

वहीतली एक नोंद देते. प्रसंग: बॉसचा मेसेज. मनात आलं: मागच्या रिपोर्टमध्ये घोळ झालाय, मला काढणार. खात्री: ८० टक्के. बाजूने पुरावा: मागे एक आकडा परत तपासायला लावला होता. विरुद्ध पुरावा: आकडा बरोबर निघाला, अप्रेझल ठीक झालं, तो सगळ्यांनाच असे तुटक मेसेज करतो. दुसरं काय असू शकतं: मीटिंग, सुट्टी, नवं काम. आता खात्री: ३० टक्के. प्रत्यक्षात: शुक्रवारच्या मीटिंगची वेळ बदलायची होती.

अशी पानं साठत गेली की आपली भाकितं किती वेळा फसतात ते आपल्याच अक्षरात समोर दिसतं. कुणी 'अगं काही होत नाही' म्हणण्यापेक्षा याचं वजन वेगळं आहे.

पुढचा भाग जास्त अवघड, प्रयोगांचा. मेल एकदाच वाचून पाठवायची. मुलीला उशीर झाला तरी पंधरा मिनिटं फोन करायचा नाही आणि तेवढ्या वेळात अंगात काय होतंय ते बघत बसायचं. पहिल्यांदा घशाला कोरड पडली होती. पण भीती चढते तशी आपण काहीही न करता उतरते पण, हे पुस्तकात वाचून समजलं नसतं. काळजी अजून येते, पण झोप लागते आणि ऑफिसच्या टूरला जाता येतं. तुमचे अनुभव लिहा, न पटलेलं पण लिहा.

हेमाडपंती :

चांगला विषय. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या आईवडलांच्या पिढीने दुष्काळ बघितला, नोकऱ्या गेलेल्या बघितल्या, तेव्हा कुठे थेरपी होती? घरात चार माणसं होती, संध्याकाळी देवापाशी बसायचे, पहाटे फिरायला जायचे. मी स्वतः रोज प्राणायाम करतो आणि मला फायदा होतो. आपल्याकडे असलेलं सोडून बाहेरचं कशाला आणायचं?

चाफेकळी :

हेमाडपंतीकाका, राग कसला. फिरणं आणि प्राणायाम मीपण करते आणि ते सोडा असं मला तिथे कुणी सांगितलं नाही. पण माझी आजी आयुष्यभर 'छातीत कळ येते' म्हणत राहिली, कार्यक्रमाला कुठे गेली नाही, एसटीत एकटी बसली नाही, आणि घरात सगळे 'तिचा स्वभावच तसा' म्हणायचे. चार माणसं होती की घरात. त्या पिढीला त्रास नव्हता असं नाही वाटत मला, त्रासाला उपाय असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मनमोर :

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, फक्त माहितीपुरतं लिहिते.

काकांच्या मुद्द्याला धरून: प्राणायाम, व्यायाम, झोप यांचा फायदा होतोच. अडचण कधी होते, तर माणूस 'धडधड सुरू झाली, आता लगेच श्वास सांभाळला नाही तर काहीतरी होईल' या धास्तीने श्वास मोजायला लागतो तेव्हा. मग श्वास मोजणं हाच आधार होतो आणि मूळची भीती जागच्या जागी राहते. आम्ही याला सेफ्टी बिहेवियर म्हणतो. रोजच्या वेळेला शांतपणे केलेला प्राणायाम वेगळा आणि पळ काढण्यासाठी केलेला वेगळा.

आणि हे सगळं बाहेरचं राहिलेलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आरईबीटी, विवेकनिष्ठ विचारांची पद्धत, मराठीत पुस्तकं, शिबिरं, व्याख्यानं यांतून कधीच घरोघरी पोचलीय. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. 'मला सगळ्यांनी चांगलं म्हटलंच पाहिजे', 'काहीही चुकता कामा नये' असे हट्ट मनात किती घट्ट बसलेत ते शोधायचं आणि त्यांच्या जागी इच्छा आणायची, की आवडेल मला, पण नाही झालं तर वाईट वाटेल आणि तरीही निभावेन. यात आपल्या मातीला परकं काय आहे?

पारवा :

माझा अनुभव पॅनिकचा आहे, जरा लांबेल.

मी डोंबिवलीकर, नोकरी सीएसटीला. २०१६ च्या आसपासची गोष्ट, तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. एका सकाळी गाडी बोगद्यातच थांबली. मधल्या पॅसेजमध्ये चहूबाजूंनी दाबला गेलेलो, धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, वाटलं हार्ट अटॅक आला, इथून कोण बाहेर काढणार. गाडी हलली, ठाण्याला कसाबसा उतरलो आणि तडक हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल, सगळं नॉर्मल.

त्यानंतर फास्ट बंद. स्लोने जायला लागलो कारण ती कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा सगळीकडे थांबते, वाटलं तर उतरता येतं. मग स्लोला पण गर्दी नको म्हणून पहाटेची गाडी. मग पाण्याची बाटली आणि खिशात गोळी असल्याशिवाय घराबाहेर नाही. मग रजा वाढल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं याला लोकलची भीती आहे, पण मला भीती होती ती परत तसं होण्याची.

थेरपिस्टने पहिल्यांदा कागदावर गोल काढून दाखवला. भीती वाटली की श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात आणि गरगरतं, ते बघून आपण म्हणतो अटॅक आला, त्याने भीती अजून वाढते आणि परत श्वास भराभर. 'चक्कर येऊन पडेन' हे मी सारखं म्हणायचो, तर तिने विचारलं आजवर पडलात का? नाही. पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढलेलं असतं आणि बेशुद्ध पडायला ते एकदम खाली यावं लागतं.

मग तिच्या केबिनमध्येच मुद्दाम मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावला, खुर्चीवर गरगर फिरवलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. (हृदयाचा वगैरे त्रास नाही असं डॉक्टरांकडून आधी लिहून आणलं होतं, हे कुणी घरी स्वतःच्या मनाने करू नका.) तीच बोगद्यातली लक्षणं हुबेहूब आली, आणि मी खुर्चीत बसलेलो, पंखा चालू, बाहेर रिसेप्शनला फोन वाजतोय. ती लक्षणं धोक्याची नाहीत हे अंगाला पटलं ते त्या दिवशी.

पुढे पायऱ्या ठरवल्या. दुपारच्या रिकाम्या स्लोने डोंबिवली ते कोपर, मग दिव्यापर्यंत, मग ठाणे, मग दुपारची फास्ट, मग बायको सोबत नसताना, मग बाटली घरी ठेवून, शेवटी सकाळच्या गर्दीची फास्ट. एक पायरी पुरती कंटाळवाणी झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. भीती वाटली म्हणून मध्येच उतरायचं नाही हा एकच नियम, कारण उतरलं की सुटका उतरल्यामुळे झाली असंच मेंदू शिकतो. काही महिने गेले यात. आज कुठल्याही गाडीने जातो, क्वचित धडधडतं, धडधडू देतो.

रातराणी :

पारवा, काय लिहिलंय. बोगद्याचं वाचताना माझेच तळहात ओले झाले.

औषधांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला सुरुवातीला इतका त्रास होता की थेरपीचं होमवर्क करायचं त्राणच नव्हतं. सायकियाट्रिस्टनी एसएसआरआय गटातली, डिप्रेशन आणि अँक्झायटीवर देतात ती गोळी दिली. पहिले काही दिवस मळमळ आणि उलट जास्त अस्वस्थ वाटलं, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात तोवर धीर धरा. त्यानंतर डोकं जरा स्थिर झालं आणि वही-पेन हातात घेता आलं. पुढे त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू कमी करत बंद केली, एकदम सोडायची नाही.

कळकळीने सांगते, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून, जुन्या प्रिस्क्रिप्शनवर घेत राहू नका. पटकन बरं वाटतं म्हणूनच सवय लागते, आणि पारवांनी लिहिलंय ते शिकणं त्या गोळीने होतच नाही, कारण भीती आपसूक उतरते हे कळायच्या आत गोळी उतरवते.

सह्यवेडा :

नवऱ्याच्या बाजूने विचारतो. माझ्या बायकोला आजारपणाची भीती आहे. घरात बीपीचं मशीन आहे, दिवसातून कितीदा लावते त्याला गणती नाही. अंगावर तीळ दिसला की मोबाइलवर शोधणार, मग मला विचारणार हे कॅन्सर तर नाही ना. मी सांगतो नाही गं, पाच मिनिटं बरं वाटतं, परत विचारते. चिडलो तर रडते, समजूत काढली तर अजून विचारते. करायचं काय माणसाने? ती थेरपीला तयार नाही, म्हणते मी वेडी आहे का.

मनमोर :

सह्यवेडा, तुम्ही दोघंही दमला असाल. 'नाही गं काही नाही' हे उत्तर प्रेमापोटी दिलेलं असतं, पण तेही बीपीच्या मशीनसारखंच काम करतं. क्षणभर आराम, पुढच्या वेळी शंका अजून लवकर. म्हणून एकदम उत्तर देणं बंद करून तोंड फिरवायचं का? तेही नाही. ती बरी असताना, चहा घेताना वगैरे, दोघांनी मिळून ठरवा की असा प्रश्न आला तर मी आजाराबद्दल उत्तर देणार नाही, पण तुझ्यापाशी बसेन. म्हणायचं ते असं काहीतरी: 'तुला आत्ता खूप भीती वाटतेय हे दिसतंय मला, आपण थोडं थांबू, मी आहे इथे.' तिच्याशी न ठरवता सुरू केलंत तर तिला टाकून दिल्यासारखं वाटेल.

मशीन कपाटात टाकून कुलूप लावू नका. डॉक्टरांना विचारा बीपी किती वेळा मोजायची खरंच गरज आहे, तेवढंच आणि ठरल्या वेळेला. बाकीच्या वेळी हात गेला तर आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस. तिची तपासणी एकदा नीट, एकाच डॉक्टरांकडे होऊ दे म्हणजे दहा ठिकाणी फिरणं थांबेल.

आणि 'वेडी आहे का' याला माझं उत्तर: थेरपीला येणारी बहुतेक माणसं नोकरी करतात, मुलांचे डबे भरतात, कर्जाचे हप्ते फेडतात. त्यांना हे सगळं करताना फार त्रास होत असतो, तो कमी करायला येतात. तिला 'थेरपी घे' म्हणण्यापेक्षा 'झोप लागत नाही त्यासाठी एकदा दोघं जाऊन भेटू' असं विचारून बघा.

कातळ :

सगळं ठीक आहे हो, पण हे पुण्यामुंबईचं झालं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. इथे सायकॉलॉजिस्ट शोधायला गेलं तर शाळेतल्या बाईंचं नाव सांगतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एक रोजगार बुडतो. आणि एका सेशनला तुमच्याकडे हजार-दोन हजार घेतात म्हणे. आम्ही काय करायचं?

मनमोर :

कातळ, खरी अडचण आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. जे आहे ते सांगते. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा, मोफत, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. तिथे समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. जीव नकोसा वाटत असेल तर अजिबात वाट न बघता इथे फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तुमच्या रत्नागिरीत तर सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तिथे केसपेपर काढला म्हणजे ॲडमिट करतात असं नाही. बहुतेक लोक गोळ्या घेऊन, बोलून घरी जातात. रोजगार बुडू नये म्हणून फॉलोअप फोनवर किंवा व्हिडिओवर करतील का हे पहिल्याच भेटीत विचारा.

तुमच्या शेजारचं गोव्याचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या संगाथ या संस्थेने 'मानस' नावाचा अभ्यास केला, २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्थानिक बायकांना, ज्यांच्याकडे आरोग्यक्षेत्रातली पदवी नव्हती, ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात डिप्रेशन आणि अँक्झायटीच्या रुग्णांबरोबर काम करायला बसवलं, वर डॉक्टरांची देखरेख. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना याचा चांगला उपयोग झाला. म्हणजे प्रत्येक तालुक्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळेपर्यंत हात जोडून बसायची गरज नाही, आशाताई, नर्सबाई यांना शिकवून बरंच होण्यासारखं आहे. हे आपल्याकडे सगळीकडे का होत नाही याचा मला मनापासून राग येतो.

निळाई :

इंग्लंडहून लिहितेय. इथे एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, टॉकिंग थेरपीज म्हणून सेवा आहे, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी लागत नाही, आपला आपण ऑनलाइन फॉर्म भरता येतो आणि पैसे पडत नाहीत. वाट मात्र बघावी लागते. दर वेळी सात प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, जीएडी-७, मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं वगैरे, शून्य ते २१ मार्क. सुरुवातीला मला तो रुक्ष वाटला पण आकडा १७ वरून खाली येताना बघून धीर यायचा.

माझी अडचण वेगळी होती. सासूबाई सहा महिने राहायला येणार म्हणून छातीत धस्स होतं हे इंग्रजीत सांगायला गेले की समोरची म्हणायची मग त्यांना नाही म्हणून सांगा. शेवटी मराठी बोलणारी थेरपिस्ट ऑनलाइन शोधली. तिला धस्स होणं समजावून सांगावं लागलं नाही, आणि तिने नाही म्हणायला पण लावलं नाही. माझ्या आणि सासूबाईंच्या वेळा कशा ठरवायच्या, कुठल्या गोष्टीला हो आणि कुठल्याला 'आत्ता नको आई' म्हणायचं, ते वाक्य तिने माझ्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं, कितीतरी वेळा.

गुळपोळी :

सगळे चांगलेच अनुभव लिहितायत म्हणून वेगळा लिहिते. मी आधी ज्यांच्याकडे गेले (नाव नाही लिहीत) त्या तासभर 'पॉझिटिव्ह राहा, ग्रॅटिट्यूड लिहा' म्हणायच्या, मध्ये स्वतःच्या घरचं सांगायच्या, काय चाललंय कशासाठी चाललंय काही कळायचं नाही. मी ठरवूनच टाकलं होतं की थेरपी म्हणजे थोतांड. बहिणीने दुसरीकडे नेलं तेव्हा कळलं की फरक असतो. तर माणूस योग्य आहे हे ओळखायचं कसं?

मनमोर :

गुळपोळी, बरं झालं लिहिलंत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नंबर विचारा, विचारण्यात काही उद्धट नाही. सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर, औषधं तेच देतात, सायकॉलॉजिस्ट देत नाही. काउन्सेलर हे नाव मात्र आजवर कुणीही लावत आलंय म्हणून शिक्षण नेमकं काय ते विचाराच. दोन-तीन सेशननंतर तुम्हाला सांगता आलं पाहिजे की माझा त्रास कशामुळे टिकून राहतोय आणि आम्ही त्यासाठी काय करतोय. नाही सांगता आलं तर विचारा, तरी नाही कळलं तर बदला. सीबीटी साधारण १२ ते २० सेशनचं असतं, शेवट कधी याबद्दल बोलणारा माणूस चांगला. इन्शुरन्सचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं लिहिलंय, पण बहुतेक पॉलिसीत ओपीडीचा खर्चच नसतो, त्यामुळे सेशनचे पैसे खिशातूनच जातात. कमी पैशात हवं असेल तर महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांतली सायकियाट्री ओपीडी बघा, रांग असते, पण शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही डॉक्टर असतात.

हेमाडपंती :

सगळं वाचलं. पारवांचं दोनदा वाचलं. आमची धाकटी बहीण पंचावन्न वर्षांची आहे, लिफ्टमध्ये बसत नाही, मुलाचं घर चौदाव्या मजल्यावर म्हणून तिकडे जात नाही. आम्ही तिला चिडवत आलो. या वयात उपयोग होतो का?

पारवा :

काका, होतो. माझ्याबरोबर तिथे एक साठीच्या बाई यायच्या, त्यांना पुलावरून जायची भीती होती. फक्त तुमच्या बहिणीला कुणी लिफ्टमध्ये ढकलून 'बघ काही झालं का' करू नका, तसं माझ्या मित्रांनी केलं होतं आणि मी अजून मागे गेलो होतो. पायरी तिची तिने ठरवायची, आधी नुसतं उघड्या लिफ्टसमोर उभं राहणं पण चालतं.

सह्यवेडा :

अपडेट. झोपेचं कारण सांगून विचारलं, हो म्हणाली. शनिवारची वेळ मिळालीय. तू बाहेर बस म्हणतेय, बसेन. पहिल्या वेळी काय विचारतात, काय घेऊन जायचं?

चाफेकळी :

खूप बरं वाटलं वाचून. पहिल्या वेळी बहुतेक प्रश्नच असतात, त्रास कधीपासून, झोप-भूक कशी, घरात कुणाला होतं का, चहा-कॉफी किती, सगळं एकदम सांगायची सक्ती नसते. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची नावं न्या. आणि मागच्या आठवड्यातला एखादा प्रसंग, अगदी ताजा, मशीन कधी लावलं, त्याआधी मनात काय आलं, आकडा बघून काय वाटलं, एवढं तिने कागदावर लिहून नेलं तर पहिला तास वाया जात नाही.